रात्रपाळी, मोडलेली झोप आणि लघवीच्या तक्रारी: पाळीत नव्याने आलेल्या पुरुषांसाठी

रात्रपाळी लागून महिना झाला की नवी मुलं दोन तक्रारी मोकळेपणाने सांगतात. झोप पुरत नाही आणि पित्त होतं. तिसरी तक्रार कोणी सांगत नाही. दिवसा झोपलं की दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं, किंवा कामावर तासन्‌तास दाबून ठेवल्यावर जळजळ होते, किंवा धार पूर्वीसारखी राहिलेली नाही. हे मित्राला सांगायची लाज वाटते, बायकोला सांगितलं तर ती काळजी करेल असं वाटतं आणि डॉक्टरकडे जायचं तर तो भलतंच काही काढेल अशी भीती असते.

मी नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीत बावीस वर्षं तिन्ही पाळ्या केल्या. मी डॉक्टर नाही. चाळिशी उलटली आणि दिवसाच्या झोपेत मला चार-चारदा उठावं लागायला लागलं. दोन वर्षं हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण प्रोस्टेट (मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली पुरुषांची ग्रंथी) वाढलं असणार आणि आता ऑपरेशन करावं लागणार, असं मी मनाशी धरून बसलो होतो. शेवटी डॉक्टरकडे गेलो, तर त्यांनी गोळी न देता तीन दिवस वही लिहायला सांगितली. त्या वहीतून जे निघालं ते पुढे सांगतोच. पण एक प्रश्न मला तिथे मिळाला आणि तो पाळीत येणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असं मला मनापासून वाटतं: लघवी लागते म्हणून झोप मोडते, की झोप मोडते म्हणून लघवी लागते? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

हे असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी दवाखाना गाठा

लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं, अजिबात दुखलं नाही, तरी दाखवायचं. आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल तर लघवी लालसर होऊ शकते, पण बीट खाल्लं नसेल तर थांबू नका. ओटीपोट फुगलंय, जोराची लागलीय आणि थेंबही उतरत नाही, म्हणजे लघवी तुंबली. अशा वेळी आणखी पाणी पिऊन बघायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं. तिथे नळी घालून मूत्राशय रिकामं करतात आणि पाच मिनिटांत जीव भांड्यात पडतो. थंडी वाजून ताप, सोबत जळजळ किंवा कंबरेच्या एका बाजूला कळ, हेही त्याच दिवशीचं काम. पायात एकाएकी शक्ती राहिली नाही, जांघेत बधिरपणा आला आणि लघवीचा ताबा गेला, तर मणक्यातली नस दाबली गेल्याची शंका घ्यावी लागते.

आणि तरुण मुलांसाठी एक खास: अंडकोषात अचानक असह्य कळ आली, मळमळलं, तर अंडकोषाला पीळ पडलेला असू शकतो. तो साधारण सहा तासांच्या आत सोडवला तर अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली असते. रात्री दोनला कळ आली आणि 'सकाळी पाळी सुटल्यावर बघू' म्हटलं, तर ते तास तिथेच संपतात. सुपरवायझरला उठवा, १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत असते.

पहिली पायरी: शरीराला पाळी कळत नाही, हे समजून घ्या

आपल्या मेंदूत एक घड्याळ आहे. ते मुख्यतः डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावरून आपली वेळ लावून घेतं. हे घड्याळ पेशीच्या आत कसं फिरतं ते फळमाशीवर काम करून दाखवणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. झोप, भूक, अंगाचं तापमान याच घड्याळावर चालतं आणि लघवीही त्यावरच चालते.

रात्र झाली की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक जास्त सुटतं. ते मूत्रपिंडांना सांगतं, पाणी धरून ठेवा. त्यामुळे रात्री लघवी कमी आणि गडद होते. दिवसभरात माणसाला साधारण दीड ते दोन लिटर लघवी होते. दिवसा तासाला ८० मिली धरली आणि रात्री त्याच्या निम्मी, तर रात्रीच्या सहा तासांच्या झोपेत २४० मिली जमते. मूत्राशयात ३०० ते ५०० मिली मावते, म्हणजे एकदाही न उठता सकाळ होते. आता हेच सहा तास दिवसा झोपा. मूत्रपिंडं दिवसाच्याच वेगाने काम करतायत, सहा तासांत ४८० मिली. मूत्राशय काठोकाठ भरलं. एकदा उठावं लागणारच.

म्हणजे दिवसाच्या झोपेत एकदा लघवीला उठणं हा आजार नाही. पाळीत नवीन आलेल्या कितीतरी मुलांची निम्मी भीती एवढ्या हिशोबानेच जाते.

घड्याळ नवीन वेळेला सरकतं, पण दिवसाला जेमतेम तासाभराने. आठवड्याला पाळी बदलत असेल तर ते कधीच पूर्ण जुळत नाही. त्यात दुसरी अडचण: रात्रभर जागरण झालं की मूत्रपिंडं एरवी रात्री धरून ठेवतात ते मीठ आणि पाणी जास्त सोडतात, असं निरोगी माणसांना जागं ठेवून केलेल्या प्रयोगांत दिसलं आहे. आणि तिसरी म्हणजे दिवसाची झोपच उथळ. गाढ झोपेत मूत्राशयाचा जो निरोप मेंदू कानाआड करतो, तोच निरोप उथळ झोपेत जाग आणतो.

दुसरी पायरी: तीन दिवसांची वही

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. स्वयंपाकघरातला एक जुना प्लास्टिकचा मोजमग घ्या, ज्यावर मिलीच्या खुणा आहेत असा, आणि तो कायमचा मोरीत ठेवा. एक साधी वही आणि पेन शेजारी. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण झोपेतून उठून फोन हातात घेतला की तो लवकर सुटत नाही, म्हणून मी वहीच म्हणेन.

तीन दिवस लिहायचं: दोन रात्रपाळीचे आणि एक सुट्टीचा. कामावर मोजणं जमणार नाही, तिथे फक्त वेळ लिहा. घरी वेळ आणि मिली दोन्ही. काय प्यायलं, कधी आणि किती, तेही लिहायचं. टपरीवरचा कटिंगसुद्धा. डॉक्टर 'रात्रीची लघवी' म्हणतात तेव्हा पाळीवाल्याने त्याचा अर्थ 'माझ्या मुख्य झोपेतली लघवी' असा घ्यायचा. तुम्ही सकाळी नऊ ते तीन झोपत असाल तर नऊ ते तीन ही तुमची रात्र. झोपायच्या आधी जी करून येता ती या हिशोबात धरायची नाही. झोपेत उठून केलेली प्रत्येक, आणि उठल्यावर केलेली पहिली, या सगळ्यांची बेरीज म्हणजे तुमच्या 'रात्रीची' लघवी.

आता यात एक जास्तीचा रकाना आखा, जो छापील तक्त्यांत बहुधा नसतो: जाग कशाने आली? लघवीनेच आली, की दारावरची बेल, शेजारच्या कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची हाळी, कुरिअरवाला, शाळेतून आलेली मुलं? जाग आल्यावर आपण सवयीने म्हणतो, उठलोच आहे तर जाऊन येऊ. मग डोक्यात राहतं की लघवीने उठवलं.

माझ्या वहीत चारांपैकी दोन वेळा बेलने उठवलेलं होतं, आणि त्या दोन्ही वेळा मगात १०० मिलीसुद्धा नव्हती. उरलेल्या दोन वेळा मात्र प्रत्येकी ४०० च्या आसपास. म्हणजे मूत्राशय ठणठणीत होतं, चांगलं ४०० मिली धरत होतं. दोष होता पहाटे पाचच्या दोन चहांचा आणि दाराच्या बेलचा.

वही अशी वाचायची. दर वेळी मगात भरपूर पडत असेल, ३०० किंवा जास्त, तर लघवी तयारच जास्त होतेय. कारण चहा-पाण्यात, मिठात, सुजलेल्या पायांत, साखरेत किंवा घोरण्यात शोधायचं. दर वेळी थोडीथोडीच, दीडशेच्या आत, आणि तरीही कळ मोठी असेल, तर एकतर मूत्राशय चिडलेलं आहे, जंतुसंसर्ग आहे, प्रोस्टेटचा अडथळा आहे किंवा झोपच मोडतेय. चोवीस तासांची बेरीज तीन लिटरच्या वर जात असेल आणि तुम्ही काही मुद्दाम गडवे रिचवत नसाल, तर साखर तपासून घ्या. तहान, वजन उतरणं आणि सारखी लघवी हे मधुमेहाचं जुनं त्रिकूट आहे. पाळी करणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण जास्त आढळतं, म्हणून तिशीतसुद्धा ही तपासणी लवकर आहे असं समजू नका.

घोरण्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण लघवीशी त्याचा संबंध असेल असं कोणाच्या मनातही येत नाही. झोपेत घोरता घोरता श्वास अडकतो, मग दचकून परत सुरू होतो. या ओढाताणीत छातीतला दाब बदलतो, हृदयाला वाटतं की रक्तात पाणी जास्त झालंय, आणि ते मूत्रपिंडांना पाणी सोडायचा निरोप देतं. माणूस उठतो लघवीला, पण मूळ दुखणं घशात असतं. घरातल्यांना विचारा: मी घोरताना मध्येच श्वास थांबतो का? उत्तर 'हो' असेल तर ते वहीत मोठ्या अक्षरात लिहा आणि डॉक्टरांना आधी तेच सांगा.

सिक्युरिटीतल्या आणि रात्रभर उभं राहून काम करणाऱ्या मित्रांसाठी पायांची गोष्ट. वागळे इस्टेटच्या गेटवर आठ किंवा बारा तास उभे राहिलात की पाणी घोट्यांत उतरतं, मोज्याचा वळ उठतो. घरी येऊन आडवे झालात की तेच पाणी परत रक्तात येतं आणि तासा-दोन तासांत लघवीवाटे बाहेर पडायला लागतं, नेमकं झोपेत. उपाय बिनखर्चाचा आहे. घरी आल्यावर लगेच झोपू नका. तासभर पाय भिंतीला किंवा दोन उशांवर उंच ठेवून पडा, मग लघवीला जाऊन या आणि झोपा. सूज मात्र रोजच येत असेल, दाबल्यावर खड्डा राहत असेल किंवा दम लागत असेल, तर हृदय आणि मूत्रपिंडं तपासून घ्यायला हवीत.

तिसरी पायरी: पाणी, चहा, मीठ

पाणी कमी प्यायचं नाही. उठावं लागतं म्हणून पाणी तोडणारे मी पुष्कळ पाहिले आणि त्यातल्या काहींना मुतखडा झालेलाही पाहिला. भट्टीपाशी, बॉयलरपाशी किंवा एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घाम इतका जातो की लघवी गडद होते, आणि गडद लघवीत खडे धरतात. ज्याला एकदा खडा होऊन गेला आहे त्याने दिवसाला दोन ते अडीच लिटर *लघवी* होईल इतकं पाणी प्यावं असं डॉक्टर सांगतात. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की पाणी पुरतंय. प्रश्न किती प्यायचं हा नाही, कधी प्यायचं हा आहे. पाळीच्या पहिल्या पाच-सहा तासांत घोट-घोट करून भरपूर, शेवटच्या दोन तासांत तहानेपुरतं. घरी आल्यावर गटागटा लिटरभर पाणी पिऊन झोपायचं नाही.

उन्हाळी लागली की घरची माणसं धण्याचं पाणी, सब्जा, वाळ्याचं पाणी देतात. द्यावं. त्यात पाणी जातं आणि आराम पडतो. कुळथाच्या काढ्याचंही तसंच. पण दोन दिवसांत जळजळ थांबली नाही तर तो जंतुसंसर्ग समजून लघवी तपासावी. पुरुषाला असा संसर्ग बायकांच्या मानाने कमी होतो, म्हणून झाला तर त्यामागे खडा, प्रोस्टेट किंवा साखर काही आहे का हे बघावं लागतं. मेडिकलमधून तीन गोळ्या आणून काम भागवायचं नाही.

चहाबद्दल. कॅफीन अंगातून निम्मं उतरायला पाच-सहा तास घेतं. सकाळी नऊला झोपायचं असेल तर शेवटचा चहा रात्री तीनपर्यंत. पहाटे पाचची डुलकी घालवायला घेतलेला चहा झोपही उडवतो आणि मूत्राशयालाही चिडवतो. पाचला तोंड धुवा, दिव्याखाली उभे राहा, दहा मिनिटं चालून या. एनर्जी ड्रिंकही यातच आलं. पाळी सुटल्यावर 'झोप लागावी म्हणून' एक पेग घेणारे आहेत. दारू व्हॅसोप्रेसिनच अडवते, म्हणजे पाणी धरून ठेवणारा जो एक हात होता तोही काढून घेते. झोप लागते, पण दोन तासांत मोडते.

मीठ लोक विसरतात. रात्रीच्या डब्यातलं लोणचं, पापड, कॅन्टीनचं फरसाण, पहाटेचा वडापाव. जपानमधल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासात ज्यांनी रोजचं मीठ १०.७ ग्रॅमवरून ८ ग्रॅमवर आणलं, त्यांचं रात्री उठणं सरासरी २.३ वेळांवरून १.४ वर आलं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणते. डब्यातून लोणचं काढून तिथे काकडी ठेवणं, एवढ्याने सुरुवात होते.

चौथी पायरी: कामावर दाबून ठेवू नका

रिलिव्हर आला नाही, मशीन सोडता येत नाही, कॉल चालू आहे, ट्रेलर उरणच्या रांगेत अडकलाय. कारणं खरी आहेत. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमध्ये अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या मुलाची, वाशीच्या भाजी मार्केटात रात्रभर गाड्या उतरवणाऱ्या माथाडीची आणि तळोज्यातल्या प्लांट ऑपरेटरची, तिघांची अडचण वेगळी, पण मूत्राशय तेच. ते रोज ताणलं की त्याची आकसायची ताकद कमी होत जाते, लघवी पूर्ण निघत नाही, मागे राहिलेल्यात जंतू वाढतात.

तीन ते चार तासांनी जायचंच. लागली नसली तरी चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीला जोडून जायचं, म्हणजे वेगळी परवानगी लागत नाही. याच्या उलट सवयही चांगली नाही: दर अर्ध्या तासाला जाऊन जाऊन मूत्राशयाला थोड्यातच रिकामं व्हायची सवय लागते. कारखान्यात पिण्याचं पाणी आणि मुताऱ्या असल्याच पाहिजेत, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून ठरलेलं आहे. म्हणून मुतारी तुंबलेली असेल किंवा कुलूप लावलेली असेल तर ती तक्रार चारचौघांनी मिळून, लेखी करा. एकट्या नव्या मुलाने भांडायला जाऊ नये.

लघवी करतानाही घाई नको. घाईत जोर करून उरकलेली लघवी अर्धी आत राहते. झाल्यावर अर्धा मिनिट थांबून परत प्रयत्न करा. पँट चढवल्यावर चार थेंब गळतात ही तक्रार तर इतकी सार्वत्रिक आहे, पण कोणी कोणाला उपाय सांगत नाही. नळीच्या वाकणात थोडी लघवी साठून राहते, इतकंच त्याचं कारण. अंडकोषाच्या मागे बोटांनी हलका दाब द्या आणि पुढे सरकवत आणा, उरलेली बाहेर येते.

रंगांच्या, रसायनांच्या कारखान्यात असाल तर आणखी एक. ॲरोमॅटिक अमाईन प्रकारची काही रसायनं, विशेषतः बेंझिडीन, मूत्राशयाचा कर्करोग करतात हे पक्कं ठरलेलं आहे. सिगारेट-बिडी हेही त्याच कर्करोगाचं मोठं कारण आहे. म्हणून हातमोजे आणि मास्क वापरा, कामाचे कपडे घालून घरी येऊ नका, आणि डॉक्टरांना फक्त 'कंपनीत आहे' असं सांगू नका. कुठल्या प्लांटवर, कशाला हात लागतो, किती वर्षं, हे सांगा. निवृत्तीनंतरही सांगा, कारण हा रोग दहा-वीस वर्षांनी डोकं वर काढू शकतो.

पाचवी पायरी: दिवसाच्या झोपेची राखण

यात घरच्यांची साथ लागते आणि ती मागावी लागते. कोपरखैरणेच्या बैठ्या घरात किंवा कळव्याच्या वन-रूम-किचनमध्ये वेगळी खोली नसते, हे मला माहीत आहे. तरी तीन गोष्टी जमतात. खिडकीला जाड काळं कापड, बेलचा स्विच बंद, आणि दारावर 'रात्रपाळी, दुपारी ३ नंतर या' अशी चिठ्ठी. माझ्या घरी ही चिठ्ठी बायकोने लावली. "अहो, बेल बंद केली म्हणून कोणाचं अडत नाही," ती म्हणाली, आणि खरंच कोणाचं अडलं नाही. त्या आठवड्यात माझं उठणं चारवरून दोनवर आलं, गोळी नाही की काढा नाही.

रात्रपाळीच्या पहिल्या दिवशी दुपारी तास-दीड तास झोपून घ्या. सकाळी सुटल्यावर रेंगाळू नका, सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की घड्याळ परत दिवसावर येतं. पण गाडी चालवत असाल तर ऊन टाळायला घातलेला काळा चष्मा आणि डुलकी ही जोडी ठाणे-बेलापूर रोडवर जिवावर बेतेल, तेव्हा बस किंवा लोकल बरी. एकसलग सहा तास जमत नसेल तर सकाळी चार-साडेचार तास आणि संध्याकाळी कामावर जाण्याआधी दीड तास, असे दोन तुकडे करा. पहिला तुकडा रोज त्याच वेळी. लघवीला उठलात तर मोठा दिवा लावू नका, घड्याळ बघू नका, फोन तर नाहीच.

चाळिशी ओलांडली असेल तर

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी, तिच्यातूनच लघवीची नळी जाते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढते. साठीच्या आसपास निम्म्या पुरुषांत वाढलेली असते, आणि ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. सुरू व्हायला वेळ लागणं, धार बारीक होणं, मध्येच तुटणं, पूर्ण न झाल्यासारखं वाटणं ही तिची लक्षणं. डॉक्टर यासाठी सात प्रश्न विचारतात, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. एकूण सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस किंवा त्याहून जास्त तीव्र. म्हणजे मोजता येतं, आणि बहुतेकांचं औषधावर भागतं.

सर्दीच्या गोळ्यांपासून मात्र सांभाळा. नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन आणि झोप आणणारं क्लोरफेनिरामिन, दोन्हींमुळे प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी एकाएकी तुंबू शकते. आणि प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखं औषध सुरू झालं, तर उठताना चक्कर येऊ शकते. शिडीवर, क्रेनवर काम असेल तर गोळी कुठल्या वेळी घ्यायची ते डॉक्टरांना पाळीची वेळ सांगून ठरवा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिचंही तसंच. वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका.

शेवटची पायरी: डॉक्टरकडे जाताना

आधी फॅमिली डॉक्टर किंवा सरकारी बाह्यरुग्ण विभाग. नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ, ऐरोलीत आहेत, ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. पगारातून ०.७५ टक्के ईएसआयसीचे (राज्य कामगार विम्याचे) कापले जात असतील तर दवाखाना, औषधं, तपासण्या आणि आजारपणाची रजा हे तुमचे हक्क आहेत. कंत्राटी कामगारालाही ते मिळतात. कार्ड नसेल तर पगाराच्या पावतीवरचा विमा क्रमांक घेऊन जा.

काय बोलायचं ते सुचत नाही म्हणून लोक जात नाहीत. हे वाक्य पाठ करून जा: "डॉक्टर, मी रात्रपाळी करतो, सकाळी नऊ ते तीन झोपतो, त्या वेळात इतक्या वेळा लघवीला उठतो, ही वही." बाकीचं ते विचारतील. लाज फक्त पहिल्या वाक्याला वाटते.

बहुधा साधी लघवी तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी), साखर आणि सोनोग्राफी सांगतील. इथे पाळीवाल्यांच्या दोन चुका होतात. रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं आणि आपण सकाळी पाळी सुटल्यावर लॅबमध्ये जातो, पण रात्री दोन-तीनला डबा खाल्लेला असतो. ते उपाशी धरत नाहीत, आठ तास पोटात काही नसावं लागतं. एकतर सुट्टीच्या दिवशी द्या, नाहीतर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी करून घ्या, तिला उपाशी राहावं लागत नाही. दुसरी सोनोग्राफीची. तिला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून तासभर आधी पाणी पिऊन जा. ते झाल्यावर लघवी करून परत आत यायला सांगतात आणि मागे किती राहिली ते मोजतात. 'झालं काम' म्हणून तिथूनच घरी निघून येऊ नका. पुरुषाच्या तपासणीत तो दुसरा आकडाच डॉक्टरांना हवा असतो. प्रोस्टेटसाठी पीएसए नावाची रक्ताची तपासणी सांगितली आणि अंगात लघवीचा संसर्ग असेल, तर तो बरा होऊन काही आठवडे गेल्यावर करायची का ते विचारा, कारण संसर्गात तो आकडा उगाच फुगतो आणि घर काळजीत पडतं.

रिपोर्ट, वही आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी युरोलॉजिस्टकडे पाठवलं तर तीच पिशवी घेऊन जायची. वहीचं नवीन पान तिथून आल्यावर लगेच सुरू करा, उपाय लागू पडला की नाही ते त्याच पानावर दिसेल.